ट्रान्स व्यक्तींच्या बाजूने उभं राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्स व्यक्तीला रोज काही जादाचं काम पडतं. नाव दुरुस्त करून सांगायचं, तेच प्रश्न पुन्हा ऐकायचे, फॉर्मवरच्या रकान्याशी झगडायचं, कुठे जाणं सुरक्षित आहे याचा अंदाज घ्यायचा. त्यातला काही भार, त्या व्यक्तीला विचारून, आपल्याकडे घेणं म्हणजे साथ देणं. खालची उत्तरं याच हिशेबाने लिहिली आहेत.

ट्रान्स व्यक्ती म्हणजे नेमकं कोण?

जन्माच्या वेळी शरीराकडे पाहून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. बहुतेकांना मोठेपणी ती नोंद आपलीच वाटते. ज्यांना वाटत नाही त्या ट्रान्स व्यक्ती. नोंद मुलाची झाली पण ती स्त्री आहे, तर ट्रान्स स्त्री. नोंद मुलीची झाली पण तो पुरुष आहे, तर ट्रान्स पुरुष. या दोन्हींत पूर्णपणे न बसणारे काहीजण स्वतःला नॉनबायनरी म्हणतात. शस्त्रक्रिया झाली का, हार्मोन्स सुरू आहेत का, कपडे कोणते घातलेत, यावरून हे ठरत नाही. कोणाबद्दल आकर्षण वाटतं हा तर निराळाच विषय आहे. तृतीयपंथी हा शब्द काहीजण अभिमानाने वापरतात, काहींना तो आपला वाटत नाही. समोरची व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरते तो आपणही वापरायचा.

हा आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे 2019 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. वर्गीकरणातून तो पूर्णपणे काढला नाही, कारण काढला असता तर उपचार हवे असलेल्यांना विमा आणि सार्वजनिक आरोग्यसेवा मिळणं अवघड झालं असतं. काही ट्रान्स व्यक्तींना शरीराबद्दल तीव्र अस्वस्थता वाटते, काहींना वाटत नाही. नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असेल तर त्यावर उपचार जरूर घ्यावेत. ट्रान्स असण्यावर ‘इलाज’ करू पाहणाऱ्यांपासून मात्र लांब राहावं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञाने 2020 मध्ये अशा तथाकथित उपचारांवर जगभर बंदी घालण्याची मागणी केली. युरोपात माल्टाने 2016 मध्येच तशी बंदी घातली होती.

मराठीत बोलताना सर्वात जास्त पंचाईत होते. काय करायचं?

खरं आहे. मराठीत नुसत्या सर्वनामाकडे लक्ष देऊन भागत नाही, क्रियापदही लिंग दाखवतं: आला-आली, जातो-जाते, दमला-दमली. ‘तू कधी आलास?’ एवढ्या साध्या प्रश्नातही आपण समोरच्याचं लिंग ठरवून टाकलेलं असतं.

माहीत नसेल तर सरळ मार्ग म्हणजे विचारणं, तेही चारचौघांत नाही, बाजूला: ‘तुमच्याबद्दल बोलताना मी कसं बोलू?’ विचारण्याआधी कानही उघडे ठेवावेत. ती व्यक्ती स्वतःबद्दल ‘मी जातो’ म्हणते की ‘मी जाते’, हे पुष्कळदा ऐकू येतं. पण त्यावर पूर्ण विसंबू नये. काही बोलींमध्ये बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, आणि घरच्यांसमोर किंवा साहेबांसमोर ती व्यक्ती भीतीपोटी जुनं रूप वापरत असू शकते.

विचारण्याची संधी मिळेपर्यंत मराठीतच भरपूर वाटा आहेत. किरण नावाची व्यक्ती घ्या. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: ‘किरण उद्या येईल’. ‘ने’ लावून सकर्मक क्रियापद घेतलं तर भूतकाळही मोकळा होतो: ‘किरणने पत्र लिहिलं’, ‘किरणने यायचं ठरवलं’. ‘ला’ लावूनही बरंच काही सांगता येतं: ‘किरणला जायचं आहे’, ‘किरणला हे पटत नाही’. ‘त्याचा’ की ‘तिचा’ अशी अडचण आली की नाव घ्या: ‘किरणचा मोबाईल’. समोरासमोर बोलताना ‘तुम्ही’ वापरलं की ‘तुम्ही कधी आलात?’ कोणालाही चालतं. ‘व्यक्ती’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी असला तरी सगळ्यांना लागू होतो. फसण्याच्या मुख्य जागा तीन: वर्तमानकाळ (जातो-जाते), अकर्मक भूतकाळ (गेला-गेली, बसला-बसली) आणि ‘होता-होती’. तिथे वाक्य फिरवावं लागतं.

हे सगळं तात्पुरतं आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. एकदा ‘ती’ म्हणायला सांगितलं की ‘ती आली, ती बसली’ असंच बोलायचं. ट्रान्स स्त्रीबद्दल कायम लिंग टाळून बोलत राहिलं तर ते तिला लगेच कळतं आणि लागतं.

नॉनबायनरी व्यक्तींपैकी काहीजण ‘ते आले’ असं आदरार्थी रूप पसंत करतात, काहीजण ‘ती’ किंवा ‘तो’ चालवून घेतात, काहीजण दोन्ही आलटून पालटून वापरतात. ‘ते आलं’ हे नपुंसकलिंगी रूप आपल्या मनाने कधीही वापरू नये. मोठ्या माणसाबद्दल ते वापरणं हा अपमानच होतो. दादा, ताई, काका, मावशी या हाकांचंही तसंच, विचारल्याशिवाय नातं लावू नये.

तोंडून चुकीचं रूप गेलं तर?

त्याच वाक्यात दुरुस्त करा आणि पुढे जा: ‘तो म्हणाला, सॉरी, ती म्हणाली की…’ बस. लांबलचक माफी मागितली की समोरच्या व्यक्तीवरच आपली समजूत काढायची वेळ येते. दुसऱ्या कोणाकडून चूक झाली आणि ती व्यक्ती तिथे नसेल, तरीही दुरुस्त करा. सवय अशाच वेळी लागते. ती व्यक्ती समोर असेल तर मात्र तिने आधी सांगितलं असेल तसं वागा. काहींना आपण लगेच टोकलेलं हवं असतं, काहींना त्यामुळे सगळ्यांच्या नजरा वळलेल्या नको असतात.

जुनी सवय मोडायला सराव लागतो. एकटे असताना त्या व्यक्तीबद्दल नवं नाव आणि भूतकाळातली क्रियापदं वापरून पाच-सात वाक्यं मोठ्याने बोला. मनातल्या मनात जुन्या नावाने विचार करून तोंडाने नवं नाव घेणारा माणूस घाईत हमखास चुकतो.

जुनं नाव इतकं का टोचतं? आणि ते कुठून कुठून बाहेर पडतं?

जुन्या नावाने हाक मारली की ‘मी तुला मानत नाही’ असाच अर्थ पोचतो, बोलणाऱ्याच्या मनात काहीही असो. शिवाय ते नाव अनोळखी लोकांत उघड झालं तर ती व्यक्ती ट्रान्स असल्याचंही उघड होतं. अमेरिकेतल्या 129 ट्रान्स आणि स्त्री-पुरुष या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या तरुणांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम, मित्र यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी निवडलेलं नाव वापरलं जात होतं, तितकं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नाही; पण नाव वापरायला काही खर्च येत नाही, हेही खरं.

नाव बदलल्याचं सांगितल्यावर लोक हाक मारायला शिकतात, पण फोन आणि संगणकांत जुनं नाव तसंच राहतं. म्हणून बसून यादी करावी. तुमच्या फोनमधला संपर्क आणि त्याला चिकटलेला फोटो. हे पहिलं, कारण कॉलर ओळखणारी काही अॅप्स लोकांनी साठवलेल्या नावांवरूनच नाव दाखवतात. ई-मेलचं दिसणारं नाव आणि मूळ पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दिसणारं नाव बदलतं, पण पत्त्यात जुनं नाव राहतं आणि टाइप करताना तेच आपोआप पुढे येतं. जुना पत्ता बंद न करता नव्याकडे वळवून घ्यावा, नाहीतर महत्त्वाची पत्रं हरवतात. पुढे हजेरीपट, व्हिडिओ बैठकीत दिसणारं नाव, ग्रुपचे जुने फोटो आणि टॅग, कॅलेंडरची निमंत्रणं, पगाराची पावती, दारावरची पाटी, वाचनालयाचं कार्ड, कुरियरचा पत्ता. जिथे कायद्याने जुनंच नाव लागतं, उदाहरणार्थ वेतन किंवा कर, तिथे ते पाहू शकणाऱ्यांची संख्या कमीत कमी ठेवायला सांगा.

आणि कोणाला कळवायचं, कधीपासून, हे त्या व्यक्तीनेच ठरवायचं. उत्साहाच्या भरात साऱ्या ग्रुपला निरोप धाडू नका.

कोणी पहिल्यांदाच मला सांगितलं की ‘मी ट्रान्स आहे’. काय बोलू?

‘सांगितलंस ते बरं केलंस’ इतकं पुरतं. मग तीन गोष्टी विचारा: कुठलं नाव वापरू, कोणाकोणाला माहीत आहे, आणि घरच्यांसमोर किंवा ऑफिसात तुझ्याबद्दल कसं बोलू. तिसरा प्रश्न लोक विसरतात. त्यातूनच घोटाळा होतो, कारण तुम्ही प्रेमाने घेतलेलं नवं नाव चुकीच्या माणसाच्या कानावर पडलं तर त्या व्यक्तीचं घर, शिक्षण किंवा नोकरी जाऊ शकते. ‘फक्त नवऱ्याला सांगितलं’ हेसुद्धा परवानगीशिवाय नको.

शरीराबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल, ‘आधीचा’ फोटो दाखव याबद्दल विचारू नका. ‘नक्की का?’ हा प्रश्नही टाळा. त्या व्यक्तीने तो स्वतःला अनेकदा विचारलेला असतो.

रस्त्यात, बसमध्ये किंवा वर्गात कोणी त्रास देत असेल तर मध्ये पडावं का?

पडावं, पण आधी हेतू पक्का करा. त्या व्यक्तीला तिथून सुखरूप बाहेर काढायचं आहे, त्रास देणाऱ्याला वादात हरवायचं नाही. भांडण पेटलं तर तुम्ही निघून जाता आणि मार ट्रान्स व्यक्तीला बसतो, असं होऊ शकतं.

सर्वात चांगला उपाय दिसायला अगदी साधा असतो. त्रास देणाऱ्याकडे न पाहता त्या व्यक्तीशेजारी जाऊन उभं राहा आणि ओळखीचे असल्यासारखं बोला: ‘अरे, तुम्ही इथे? चला, पुढच्या स्टॉपवर उतरू.’ तिने प्रतिसाद दिला तर सोबत चालत राहा, नाही दिला तर थोड्या अंतरावर थांबा. तिथे ड्रायव्हर, शिक्षक, सुरक्षारक्षक असं अधिकाराचं कोणी असेल तर त्यांना नेमकं काम सांगा: ‘त्या निळ्या शर्टवाल्याला खाली उतरवा’. ‘काहीतरी करा’ म्हटलं की कोणी काही करत नाही. त्रास देणाऱ्याशी बोलायचंच झालं तर एकच वाक्य, शांत आवाजात: ‘हे थांबवा.’ त्यानंतर त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

दुसरं कोणी मदत करत असेल तर तुम्ही चित्रण करू शकता. सुरुवातीला वेळ आणि जागा बोलून नोंदवा, कॅमेरा त्रास देणाऱ्यावर ठेवा, आणि चित्रण त्या व्यक्तीला द्या. ते कुठेही टाकू नका. त्या व्यक्तीचा चेहरा पसरला तर दुसरा, जास्त लांबणारा त्रास सुरू होतो. पोलिसांना बोलावण्याआधी तिला विचारा. जिवाला धोका नसेल तर हा निर्णय तिचा, कारण पुष्कळ ट्रान्स व्यक्तींना पोलिसांकडूनच वाईट वागणूक मिळालेली असते. सगळं शांत झाल्यावर ‘घरी सोडू का? तक्रार करायची तर मी साक्ष देतो’ हे विचारायला विसरू नका. तुमचं नाव आणि नंबर लिहून दिलात तर तो खरा आधार.

ट्रान्स व्यक्तींनी कोणतं स्वच्छतागृह वापरावं, हा वाद सतत निघतो. त्यात काय भूमिका घ्यावी?

ट्रान्स व्यक्तीला जिथे सुरक्षित वाटतं ते स्वच्छतागृह तिला वापरू द्यावं. भीतीने दिवसभर लघवी रोखणं आणि त्यासाठी पाणीच न पिणं, यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात. ही किंमत खरी माणसं मोजत आहेत. स्त्रियांच्या सुरक्षिततेचा मुद्दा प्रामाणिकपणे मांडला गेला तर तितक्याच प्रामाणिकपणे उत्तर द्यावं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा जागी ट्रान्स व्यक्तींशी होणारा भेदभाव रोखणारे नियम असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना करणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नियमांमुळे स्वच्छतागृहांतले गुन्हे वाढल्याचं त्यात आढळलं नाही. त्रास देणारा माणूस कुठल्याही दारातून आला तरी त्याच्यावर कारवाई करायला कायदे आहेतच.

इमारत तुमच्या ताब्यात असेल तर एका वेळी एकानेच वापरायच्या स्वच्छतागृहांवरची स्त्री-पुरुष पाटी काढून नुसतं ‘स्वच्छतागृह’ लिहा. मात्र ट्रान्स कर्मचाऱ्याला ‘तुम्ही तेवढं तिसऱ्या मजल्यावरचं वापरा’ असं सांगू नका. सोय सगळ्यांसाठी असेल तर ती सोय. एकट्यावर लादली की तो बहिष्कार होतो. आणि कोणी ‘सोबत येतेस का’ विचारलं तर उठून जा, कारणं विचारत बसू नका.

संस्थेचे फॉर्म आणि नियम कुठून सुधारायला घ्यावेत?

लिंगाचा रकाना कशासाठी आहे, हे आधी विचारा. वर्तमानपत्राची वर्गणी, शिबिराची नोंदणी, वाचनालय, अशा पुष्कळ ठिकाणी तो सवयीने राहिलेला असतो, काढून टाका. खरंच लागत असेल तर स्त्री, पुरुष, नॉनबायनरी, ‘माझ्या शब्दांत’ असा मोकळा रकाना आणि ‘सांगायचं नाही’ हे पर्याय द्या. ‘इतर’ हा शब्द टाळा. ‘स्त्री / पुरुष / ट्रान्सजेंडर’ अशी यादीही चुकीची, कारण ट्रान्स स्त्रीला तिथे स्त्री आणि ट्रान्सजेंडर यांतलं एकच निवडावं लागतं. ट्रान्स असल्याची माहिती खरोखर हवी असेल तर तो प्रश्न वेगळा, ऐच्छिक ठेवा, आणि उत्तर कोण पाहणार हे तिथेच लिहा.

बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ‘मला कसं संबोधावं’ हे सांगायची प्रथा चांगल्या हेतूने येते, पण सक्तीची झाली की उलटते. जिला अजून कोणालाच सांगायचं नाही, तिला खोटं बोलणं किंवा उघड होणं यांतलं एक निवडावं लागतं. ज्यांना सांगायचं त्यांनी सांगावं, ज्यांना नाही त्यांना कोणी विचारू नये.

तक्रारीची वाट पाहू नका. भेदभावविरोधी नियमात ‘लिंगभाव ओळख’ (आपण स्त्री, पुरुष की आणखी कोणी, ही स्वतःची जाणीव) हे शब्द असावेत, ओळखपत्राचा फोटो हवा तेव्हा बदलता यावा, उपचारांसाठी नेहमीच्या वैद्यकीय रजेत जागा असावी.

दवाखान्यात सोबत जायचं आहे. काय तयारी करू?

आदल्या दिवशी फोन करून विचारा: हाक कोणत्या नावाने मारणार? कागदावर जुनं नाव असेल तर आडनावाने किंवा टोकन क्रमांकाने बोलावण्याची विनंती करा. भर प्रतीक्षागृहात जुनं नाव पुकारलं गेल्यामुळे दवाखान्याची पायरीच न चढणारे लोक आहेत. सध्याच्या औषधांची नावं आणि मात्रा एका कागदावर लिहून न्या.

आत गेल्यावर त्या व्यक्तीलाच बोलू द्या. डॉक्टर तुमच्याकडे पाहून प्रश्न विचारू लागले तर तुम्ही तिच्याकडे पाहा. दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे कुठलंही दुखणं हार्मोन्सच्या माथी मारणं. ताप आहे तर तापाचं बोलू या, असं सौम्यपणे म्हणता येतं. दुसरी, तपासण्या सुटणं. गर्भाशयमुख असलेल्या ट्रान्स पुरुषाला तिथल्या कर्करोगाची तपासणी लागते, आणि शस्त्रक्रियेनंतरही ट्रान्स स्त्रीच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथी सहसा असते. ट्रान्स पुरुष घेतात त्या टेस्टोस्टेरॉन या हार्मोनमुळे हिमोग्लोबिन वाढतं, त्यामुळे रक्ताचा अहवाल वाचताना कोणती संदर्भमूल्यं (स्त्रीची की पुरुषाची) घेतली हे विचारावं.

छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर (छातीवर घालायचं घट्ट वस्त्र) वापरणाऱ्या मित्राला एवढं सांगता येईल: साधारण आठ तासांपेक्षा जास्त नको, झोपताना नको, क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळणं तर नकोच, कारण ती श्वासागणिक आवळते. दुखलं किंवा धाप लागली की काढायचा. हार्मोन्स मात्र कोणाला परस्पर आणून देऊ नका. मात्रा आणि रक्ततपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवी.

लहान मूल ‘मी मुलगा नाही, मुलगी आहे’ असं काही म्हणत असेल तर?

ऐकून घ्यावं. वयात येण्यापूर्वी कोणतेही औषधोपचार करायचे नाहीत, असं एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या वयात प्रश्न असतो तो नाव, केस, कपडे आणि शाळेत चिडवलं जाऊ नये याचा. किशोरवयातल्या उपचारांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. तिथे अनुभवी तज्ज्ञांकडेच जावं.

घरचे मानत नाहीत. मी मध्यस्थी करू का?

त्या व्यक्तीने सांगितलं तरच. आणि गेलात तर एका भेटीत एकच गोष्ट मागा. ‘हे सगळं स्वीकारा’ असं म्हटलं की दार बंद होतं. ‘शिक्षण थांबवू नका’ किंवा ‘निदान घरात तरी या नावाने हाक मारा’ असं म्हटलं की बोलणं सुरू राहतं. आईवडिलांच्या मनात बहुधा ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘म्हातारपणी याचं कोण करणार’ अशा भीती असतात. त्या बोलून दाखवू द्या. सणासमारंभात, नातेवाइकांसमोर हा विषय काढू नका. घरातून हाकलण्याची किंवा मारहाणीची शक्यता असेल तर आधी राहायची जागा, थोडे पैसे आणि कागदपत्रांच्या प्रती यांची सोय करा, बोलणी नंतर.

मित्र म्हणतो की जगावंसं वाटत नाही.

थेट विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, इजा करता येईल अशा वस्तू लांब करा, आणि तुमच्या भागातली मदतवाहिनी किंवा तातडीची वैद्यकीय सेवा गाठा. गुपित राखायचं वचन अशा वेळी देऊ नका; मात्र मदत बोलावताना तो ट्रान्स असल्याचं गरजेपलीकडे कोणाला सांगू नका.

कागदपत्रं बदलण्यात मी काय मदत करू शकतो?

नियम प्रत्येक देशाचे वेगळे. अर्जेंटिनाने 2012 मध्ये डॉक्टरी दाखल्याशिवाय, स्वतःच्या सांगण्यावरून ओळख बदलू देणारा कायदा केला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि डेन्मार्कने त्याच वर्षी अर्जेंटिनासारखा, युरोपातला पहिला कायदा केला. म्हणून अर्ज करायच्या दिवशी चालू नियम आणि चालू फॉर्म सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

काम मात्र सगळीकडे सारख्याच कारणांनी अडतं. नव्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर वेगळं, दुसऱ्यावर वेगळं असतं. ते पहिल्या दिवशी ठरवा आणि एका कागदावर लिहून समोर ठेवा. ज्या कागदाच्या आधारावर बाकीचे बदलतात तो मूळ कागद आधी करा. जुन्या आणि नव्या नावाला जोडणारा पुरावा जपून ठेवा, जुनी कागदपत्रं फाडू देऊ नका. पदवीची प्रमाणपत्रं बदलताना तीच मागितली जातात. तुम्ही सोबत जा, रांगेत उभे राहा, पोच घ्या, अधिकाऱ्याने काय सांगितलं ते तारखेसह लिहून ठेवा. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

31 मार्च आणि 20 नोव्हेंबरला काय करावं?

31 मार्च हा ट्रान्स दृश्यमानता दिन 2009 पासून पाळला जातो. तो आनंदाचा दिवस आहे. 20 नोव्हेंबर हा हिंसेत मारल्या गेलेल्या ट्रान्स व्यक्तींच्या स्मरणाचा दिवस. 1998 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात रिटा हेस्टर या ट्रान्स स्त्रीचा खून झाला, तिच्या आठवणीत तो 1999 मध्ये सुरू झाला. त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत.

कार्यक्रम करत असाल तर बोलायला ट्रान्स वक्त्यांना बोलवा आणि त्यांना इतर वक्त्यांइतकंच मानधन द्या. प्रवासखर्च आगाऊ द्या. विषय त्यांना निवडू द्या. ट्रान्स अभियंत्याला फक्त दुःखाची कहाणी सांगायला बोलावू नका. फोटो काढण्याआधी प्रेक्षकांतल्या लोकांनाही विचारा, आणि ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांच्यासाठी बसायची वेगळी बाजू ठेवा.